हलक्या विमानाची अंगे आणि त्यांची नावे : एक ऐतिहासिक विवेचन

१

दोन आसनांचे, एका एंजिनाचे हलके विमान हे विमानविद्येतील अगदी साधे यंत्र होय. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला ते मोठ्या प्रवासी विमानापेक्षा अधिक बोलके वाटते. मोठ्या विमानात चालकाचा हात आणि शेपटीवरचा पट यांच्यामध्ये द्रवाच्या दाबावर किंवा विजेवर चालणाऱ्या अनेक योजना उभ्या असतात. हलक्या विमानात तारा, दांड्या आणि कप्प्या एवढ्यावरच काम भागते. शंभर वर्षांपूर्वी प्रत्येक अडचणीवर शोधलेले उत्तर तेथे आजही जवळजवळ मूळ रूपात पाहावयास मिळते.

या विमानांना एक स्वतंत्र कायदेशीर वर्ग म्हणून निश्चित रूप अमेरिकेत १ सप्टेंबर २००४ रोजी लागू झालेल्या नियमांनी दिले. जास्तीत जास्त दोन आसने, एकच एंजिन, जमिनीवरून उडणाऱ्या विमानाचे उड्डाणाच्या वेळचे एकूण वजन ६०० किलोग्रॅमपर्यंत, सपाट उड्डाणातील कमाल वेग १२० नॉट, आणि ज्या वेगाखाली पंख विमानाला तोलून धरू शकत नाहीत तो वेग ४५ नॉटपेक्षा, म्हणजे ताशी सुमारे ८३ किलोमीटरपेक्षा, अधिक नसावा, या त्या व्याख्येतील मुख्य अटी होत. यांतील शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. ती का महत्त्वाची, हे समजून घ्यावयाचे तर या यंत्राची अंगे कोणत्या क्रमाने सिद्ध झाली आणि त्यांना कोणती नावे मिळाली हे पाहिले पाहिजे. कारण यांतील काही नावे त्या त्या अंगाचे खरे कार्य उमगण्यापूर्वीच ठेवली गेली. त्यांत जुना गैरसमज शिल्लक राहिला, आणि तो प्रसंगी चालकाच्या जिवावर बेतला.

२

इंग्रजीत विमानाच्या सांगाड्याची बहुतेक नावे फ्रेंच आहेत. विमानाच्या धडाला ‘फ्युझलाज’ म्हणतात. फ्रेंच भाषेत ‘फ्युझो’ म्हणजे चाती. मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला आकार त्या शब्दाने सुचविला जातो. शेपटीच्या समुच्चयास ‘आंपनाज’ म्हणतात. बाणाला पिसे लावण्याच्या क्रियेवरून तो शब्द आला. बाणाची पिसे बाणाला उडवीत नाहीत, त्याची दिशा ढळू देत नाहीत. विमानाची स्थिर शेपटी नेमके हेच करते, म्हणून हे नाव अत्यंत समर्पक म्हटले पाहिजे. एंजिनाच्या आवरणास ‘नासेल’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ लहान नाव. विमानापूर्वी तो शब्द बलूनखाली लोंबणाऱ्या टोपलीस लावला जात असे. पंखाच्या मागील कडेवरच्या हलत्या पटास ‘एलेरॉन’ म्हणतात, म्हणजे लहान पंख.

विमानाचे पहिले यशस्वी उड्डाण अमेरिकेत झाले असता शब्द फ्रेंच का, असा प्रश्न सहज उद्भवतो. १७८३ मध्ये मोंगोल्फिए बंधूंचे बलून उडाल्यापासून फ्रान्समध्ये आकाशसंचाराची एक अखंड परंपरा होती आणि तिचा शब्दसंग्रह तयार होता. शिवाय १९०८ नंतरच्या काही वर्षांत विमानाची बांधणी, स्पर्धा आणि शिक्षण यांचे केंद्र फ्रान्सच होते. १९०९ च्या ऑगस्टमध्ये रँस येथे भरलेल्या विमानसप्ताहाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ज्या देशात एखादी विद्या सार्वजनिक होते, त्या देशाची भाषा तिला नावे देते, असा हा अनुभव आहे.

मात्र विमान हाकण्याच्या साधनांची नावे वेगळ्या ठिकाणाहून आली. ती नौकानयनाची आहेत. शेपटीवरील उभ्या पटास इंग्रजीत ‘रडर’ म्हणजे सुकाणू हेच नाव मिळाले. जर्मनीत तिन्ही पट सुकाणूच ठरले : बाजूचे सुकाणू, उंचीचे सुकाणू आणि आडवे सुकाणू. फ्रेंचांनी वर-खाली नेणाऱ्या पटाला पाणबुडीच्या धर्तीवर ‘खोलीचे सुकाणू’ म्हटले. राइट बंधूंच्या २२ मे १९०६ रोजी मंजूर झालेल्या पेटंटातदेखील पुढील पटाला ‘आडवे सुकाणू’ असेच संबोधिले आहे. विमान म्हणजे हवेतील नाव, ही कल्पना या नावांच्या मुळाशी होती.

३

ही कल्पना किती अडचणीची ठरली, याचा पुरावा १९०८ या एकाच वर्षात सापडतो. त्या वर्षी १३ जानेवारीस आंरी फार्मान याने पॅरिसजवळ वोआझॅं बंधूंच्या विमानातून एक किलोमीटरचे वर्तुळ पूर्ण केले. युरोपात त्याचा मोठा गौरव झाला. परंतु त्या विमानाला एका बाजूस कलण्याचे साधनच नव्हते. नाव वळवावी तसे ते केवळ सुकाणूच्या जोरावर, पंख शक्य तितके सपाट ठेवून, मोठ्या घेराने वळविले गेले. त्याच वर्षी ८ ऑगस्टला विल्बर राइट याने ल मांस येथील शर्यतीच्या मैदानावर आपले विमान उडविले आणि ते कलवून लहान वर्तुळात सहज फिरविले. पाहणाऱ्या जाणत्यांना आपली चूक तेथेच उमगली.

विल्बर आणि ऑर्व्हिल हे डेटन गावचे सायकलचे कारागीर. सायकल वळवावयाची तर आधी कलावे लागते, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. विमान वळते तेही कलल्यामुळेच. पंखांचा उचल देणारा जोर पंखांच्या पृष्ठाशी काटकोनात असतो. विमान डावीकडे कलले की त्या जोराचा काही अंश डावीकडे वळतो आणि विमानाला तिकडे ओढतो. १८९९ मध्ये एका पतंगावर त्यांनी पंखांची टोके पिळून हा कल साधण्याचा प्रयोग केला. परंतु पुढे एक नवी अडचण आली. ज्या बाजूचा पंख वर जाई त्याला हवेचा विरोधही अधिक होई, आणि विमानाचे नाक नेमके नको त्या बाजूस ओढले जाई. यावर उपाय म्हणून १९०२ च्या ग्लायडरमध्ये त्यांनी मागील उभा पट हलता केला आणि त्या ओढीचे निवारण केले. म्हणजे विमानाचे सुकाणू हे विमान वळविण्यासाठी जन्मास आले नाही. वळणात शिरताना नाक सरळ राखावे, हे त्याचे मूळ काम. नाव नावेचे राहिले, कार्य निराळे झाले.

पंख पिळण्याची जागा लवकरच एलेरॉनने घेतली. एम. पी. डब्ल्यू. बोल्टन या इंग्रज गृहस्थाने १८६८ मध्येच तशा पटांचे पेटंट घेतले होते, परंतु त्या वेळी त्यांचा उपयोग करील असे विमानच नव्हते. १९०४ मध्ये रोबेर एस्नो-पेल्तरी याने ग्लायडरवर त्यांचा प्रयोग केला. अमेरिकेत ग्लेन कर्टिस याच्या विमानांवर ते आले तेव्हा राइट बंधूंनी त्याच्यावर दावा लावला. महायुद्धाच्या निकडीमुळे १९१७ मध्ये कारखानदारांचा सामाईक पेटंट-संघ स्थापन झाल्यावर हे भांडण मिटले.

हे पट हातापायांनी कसे चालवावे याबद्दलही एकमत नव्हते. १९०३ च्या यंत्रात राइट पालथे पडून कमरेच्या हालचालीने पंख पिळीत. कर्टिसने खांद्याला जू लावले. ‘आंत्वानेत’ विमानात दोन बाजूंना दोन चाके होती. एका हाताच्या दांड्याने कल व नाकाची उंची आणि पायांनी उभा पट, ही योजना १९०८ मध्ये लुई ब्लेरिओच्या आठव्या विमानात एकत्र आली. २५ जुलै १९०९ रोजी ब्लेरिओने २५ अश्वशक्तीच्या आंझानी एंजिनावर इंग्लिश खाडी ओलांडल्यावर तिची कीर्ती झाली, आणि आजच्या हलक्या विमानात बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातापायांखाली मुळात तीच योजना असते.

४

दुसरे फसवे नाव याहून घातक ठरले. शेपटीवरील आडव्या हलत्या पटास इंग्रजीत ‘एलिव्हेटर’ म्हणजे ‘वर नेणारा’ म्हणतात. दांडा मागे ओढला की नाक वर जाते, म्हणून विमान वर जाते, असा त्यावरून समज होतो. सर्वसाधारण उड्डाणात हा समज खराही ठरतो. परंतु तो पट प्रत्यक्षात विमान वर नेत नाही. पंख समोरून येणाऱ्या हवेला ज्या कोनात सामोरा जातो तो कोन फक्त बदलतो. कोन वाढला की काही मर्यादेपर्यंत उचल वाढते. सर्वसामान्य पंखाच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे १५ ते १८ अंशांची असते. ती ओलांडली की वरच्या पृष्ठाला लगटून वाहणारी हवा सुटी होते, उचल एकदम घटते आणि विमान कोसळू लागते.

ऑटो लिलिएन्थाल याचा अंत असाच झाला. त्याने सुमारे दोन हजार वेळा ग्लायडरमधून झेप घेतली होती. तोल सांभाळण्याचे त्याचे साधन म्हणजे लोंबणारे शरीर पुढे-मागे हलविणे हे होते. ९ ऑगस्ट १८९६ रोजी बर्लिनच्या वायव्येकडील श्टोल्न येथील टेकडीवर वाऱ्याच्या झोताने त्याच्या यंत्राचे नाक उचलले गेले, पंखांची पकड सुटली, आणि सुमारे १५ मीटरांवरून तो खाली आला. दुसऱ्या दिवशी तो वारला. त्याच्या मृत्यूच्या वार्तेनेच राइट बंधूंचे लक्ष या विद्येकडे गंभीरपणे वळले.

या घटनेला इंग्रजीत ‘स्टॉल’ म्हणतात. अडकून थांबणे हा त्या शब्दाचा व्यवहारातील अर्थ. एंजिन बंद पडण्यालाही तोच शब्द असल्याने ‘विमान स्टॉल झाले’ हे वाचणारा सामान्य माणूस एंजिन बंद पडले असे समजतो. वस्तुतः एंजिन पूर्ण जोरात चालू असतानाही पंखांची पकड सुटू शकते. फ्रेंच शब्द ‘देक्रोशाज’ म्हणजे आकड्यावरून निसटणे, आणि जर्मन शब्दाचा अर्थ प्रवाह तुटणे. हे दोन्ही शब्द कारणाच्या अधिक जवळ जातात.

पकड सुटताना एक पंख आधी खाली गेला तर विमान गरगरत खाली येते. त्या वेळी नाक जमिनीकडे असते आणि चालकाचा हात सहज दांडा मागे ओढू पाहतो, कारण त्या पटाचे नावच ‘वर नेणारा’ असे आहे. त्यामुळे कोन आणखी वाढतो आणि सुटका दुरावते. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये सॉल्झबरीच्या माळावर विल्फ्रेड पार्क हा नौदलाचा अधिकारी अशा गिरकीत सापडला. दांडा मागे ओढून उपयोग होईना, तेव्हा त्याने पायाने उभा पट गिरकीच्या उलट दिशेस दाबला आणि जमिनीजवळ विमान सावरले. जाणकारांच्या डोळ्यांदेखत हे घडल्याने त्याची चिकित्सा करता आली. पुढे महायुद्धाच्या काळात फार्नबरो येथे फ्रेडरिक लिंडेमान याने स्वतः विमान गिरकीत नेऊन तिची मोजमापे घेतली. उपाय हळूहळू शिक्षणात आला : गिरकी थांबवावी, दांडा पुढे द्यावा, पकड परत आल्यावरच नाक उचलावे.

१९४४ मध्ये वोल्फगांग लांगेविशे याने ‘स्टिक अँड रडर’ या ग्रंथात ही गोष्ट भाषेच्या बाजूनेही मांडली. ‘एलिव्हेटर’ हे नावच दिशाभूल करणारे आहे असे त्याचे प्रतिपादन होते. त्याऐवजी त्याने माशाच्या किंवा सीलच्या परांना लावतात तो ‘फ्लिपर्स’ हा शब्द वापरला. त्याचा शब्द रूढ झाला नाही, परंतु विचार अध्यापनात टिकला. त्यापूर्वीच फ्रेड वाइक या अभियंत्याने दुसरा मार्ग चोखाळला होता. १९४० च्या सुमारास बाजारात आलेल्या त्याच्या ‘एर्कूप’ विमानात एलेरॉन आणि उभे पट एकमेकांना जोडलेले होते, पायांची पेडले नव्हती, आणि आडव्या पटाची वरची हालचाल इतकी मर्यादित केली होती की ते विमान गिरकीत जाऊच शकत नसे. नावातील दोष वाइकने रचनेत दुरुस्त केला, असे म्हणता येईल.

५

एंजिन व त्याची उपांगे यांचा इतिहास मुख्यतः वजनाचा इतिहास आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइटांचे विमान १२ सेकंदांत १२० फूट गेले, त्या दिवसाच्या चौथ्या उड्डाणात ५९ सेकंदांत ८५२ फूट गेले. त्याचे सुमारे १२ अश्वशक्तीचे एंजिन चार्ल्स टेलर या त्यांच्या कारागिराने बनविले होते. सामान्य माणसाला परवडेल असे विमान मात्र १९२० नंतरच दृष्टिपथात आले. इंग्लंडमध्ये १९२३ साली लिंप्न येथे झालेल्या स्पर्धेत अगदी लहान एंजिनांची विमाने उतरली. ती कमी तेलात उडत, परंतु नित्याच्या वापरास दुबळी ठरली. जेफ्री डी हॅव्हिलंडने हा धडा घेतला. २२ फेब्रुवारी १९२५ रोजी प्रथम उडालेल्या त्याच्या ‘मॉथ’ विमानात ६० अश्वशक्तीचे ‘सिरस’ एंजिन होते. महायुद्धानंतर शिल्लक राहिलेल्या आठ सिलिंडरांच्या एंजिनाचे भाग वापरून, निम्म्या आकाराचे असे ते फ्रँक हाल्फर्डने तयार केले होते. विमानाचे पंख मिटून ते लहान जागेत ठेवता येत असे.

याच मॉथने हिंदुस्थानातील विमानविद्येचा पाया घातला. १९२८ मध्ये मुंबई फ्लाइंग क्लब स्थापन झाला. त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी देशातील पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर जे विमान उतरविले तेही त्याच घराण्यातील ‘पस मॉथ’ होते.

अमेरिकेत हेच कार्य ‘कब’ विमानाने केले. त्यातील इंधनव्यवस्था पाहण्यासारखी आहे. टाकी पुढील आसनासमोर, एंजिनापेक्षा उंचावर असे आणि पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरे, पंपाची गरज नसे. टाकीत बुचाचा तरंगता तुकडा आणि त्याला लावलेली तार झाकणातून वर डोकावे. तार खाली गेली की पेट्रोल संपत आले असे चालकाने समजावे. पंख खाली असलेल्या विमानांत टाकी पंखात, म्हणजे एंजिनापेक्षा खाली, येते. म्हणून तेथे एंजिनावर चालणारा एक पंप आणि राखीव म्हणून विजेचा दुसरा, अशी योजना करतात. उड्डाणापूर्वी टाकीच्या तळाची तोटी उघडून थोडे पेट्रोल काढून पाहतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते तळाशी साचते, आणि हवेत गेल्यावर एंजिनात शिरले तर ते बंद पडते.

पेट्रोल हवेत मिसळताना वाफ होते आणि त्याने कार्ब्युरेटर इतका थंड होतो की बाहेर उकाडा असूनही हवेतील दमटपणामुळे आत बर्फ धरतो. त्यासाठी गरम हवा आत सोडण्याची कळ ठेवावी लागली. प्रज्वलनाची व्यवस्था दुहेरी असते : प्रत्येक सिलिंडरला दोन ठिणग्या, दोन स्वतंत्र मॅग्नेटो. मॅग्नेटो स्वतःच वीज निर्माण करतो, म्हणून बॅटरी निकामी झाली तरी एंजिन चालू राहते. जुन्या ‘कब’मध्ये बॅटरीच नसे, पंखा हाताने फिरवून एंजिन सुरू करीत.

१९८९ मध्ये ऑस्ट्रियातील रोटॅक्स कारखान्याने आणलेले ९१२ जातीचे एंजिन या वर्गाच्या अनेक विमानांत बसविले गेले. त्याची सिलिंडरे हवेने व त्यांची शिरे पाण्याने थंड होतात. त्याचा दांडा मिनिटास ५,८०० फेऱ्यांपर्यंत फिरतो. इतक्या वेगात विमानाचा पंखा कार्यक्षम राहत नाही, म्हणून मध्ये दातेरी चाकांची योजना करून फेऱ्या निम्म्याहून कमी केल्या जातात. त्याच्या कार्ब्युरेटरच्या प्रकारात प्रज्वलन मॅग्नेटोऐवजी इलेक्ट्रॉनिक असले तरी ते दुहेरी आणि बॅटरीवर अवलंबून नसलेले आहे. साधन बदलले, जुने तत्त्व कायम राहिले.

६

उपकरणांपैकी वेगदर्शकाची कथा विमानापूर्वीची आहे. १७३२ मध्ये आंरी पितो याने पॅरिस येथे सेन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी वाकडी नळी वापरली. तीच नळी आज पंखाखाली असते. समोरून घुसणाऱ्या हवेचा दाब आणि सभोवारच्या स्थिर हवेचा दाब यांतील फरकावरून वेग कळतो. तो जमिनीच्या नव्हे, हवेच्या अपेक्षेने मोजलेला वेग असतो, आणि पंखांना त्याचीच पर्वा असते. तबकडीवरील पांढऱ्या कमानीचे खालचे टोक पकड सुटण्याचा वेग दाखविते. परंतु हा आकडा विमान सरळ व पूर्ण भारित असतानाचा असतो. तीव्र वळणात पकड याहून अधिक वेगातही सुटते, कारण ती मुळात कोनावर अवलंबून असते. वेगाची तबकडी कोनाचे अप्रत्यक्ष ज्ञान देते, हे विसरणारा चालक पुन्हा शब्दानेच फसतो.

चाकांच्या बाबतीतही एक गमतीचे नाव उरले आहे. पुढे दोन चाके आणि शेपटीखाली लहान तिसरे, या जुन्या रचनेस इंग्रजीत ‘रूढ’ रचना म्हणतात. आज बहुसंख्य नव्या विमानांत तिसरे चाक नाकाखाली असते, कारण त्यामुळे जमिनीवर धावताना विमान गर्रकन वळून फिरण्याची भीती कमी होते. रूढी बदलली, तिचे नाव मात्र जुन्या रचनेकडेच राहिले.

७

मराठीत या विषयाचे लेखन करताना या इतिहासाचा उपयोग आहे. ‘सुकाणू’ हा शब्द अरबी ‘सुक्कान’वरून समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावर आला आणि कोकणच्या खलाशांनी तो आपलासा केला. विमानाच्या उभ्या पटास तो लावण्यास हरकत नाही, कारण अर्थ एकदम लक्षात येतो. पण त्याबरोबरच हे विमान वळविण्याचे मुख्य साधन नव्हे, असे सांगणारे एक वाक्य प्रत्येक पाठ्यपुस्तकात असावे. ‘एलिव्हेटर’साठी वर नेण्याचा अर्थ दाखविणारा संस्कृत शब्द घडविणे म्हणजे परकी चूक आपल्या भाषेत नव्याने रुजविणे होय. ‘कोनपट’ यासारखा साधा शब्द त्याहून बरा. ‘स्टॉल’साठी ‘पकड सुटणे’ हा मराठी वाक्प्रचार तयारच आहे. तो कोणाही विद्यार्थ्यास प्रथमच ऐकून कळतो आणि एंजिन बंद पडण्याशी त्याचा गोंधळ होत नाही. उलट ‘मॅग्नेटो’, ‘कार्ब्युरेटर’, ‘एलेरॉन’ हे शब्द जसेच्या तसे ठेवावेत. विमानशाळेत तेच उच्चारले जातात आणि त्यांच्यामुळे कोणाची दिशाभूल होत नाही.

२००४ च्या नियमांत वजनाची आणि वेगाची बंधने एकत्र होती. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत जाहीर झालेल्या नव्या नियमावलीने या वर्गाची वजनाची मर्यादा काढून टाकली आणि पकड सुटण्याच्या वेगालाच प्रमुख मोजमाप मानले. तो वेग कमी असला की विमान सावकाश उतरते, आणि अपघात झालाच तर आघात सौम्य होतो, असा त्यामागील विचार आहे. श्टोल्नच्या टेकडीवर लिलिएन्थालच्या पंखांची जी पकड सुटली, तिच्या मोजमापावर सव्वाशेहून अधिक वर्षांनी हलक्या विमानाची व्याख्या येऊन ठेपली आहे. विद्यार्थ्याला या यंत्राची अंगे शिकविताना प्रारंभ याच ठिकाणाहून करावा. पंखांचा कोन आणि त्यांची पकड समजली, की शेपटी, दांडा, वेगाची नळी आणि एंजिन ही कशासाठी आहेत ते क्रमाने उलगडत जाते.